एकतीस नावांची हजेरी

"सुभद्राबाई, तुम्हाला वाचता येतं?" दामलेबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात एक कागद होता.

"दुसरी पास हाय. बोट लावून वाचते, पण वाचते."

"मग हे वाचू नका," असं म्हणून त्यांनी कागद पालथा घातला आणि अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारायला लागल्या.

आता मला सांगा, असं म्हटल्यावर कोण वाचणार नाही? हाताला भाकरीचं पीठ होतं ते पदराला पुसलं आणि कागद उलथा केला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'बेपत्ता मुली'. खाली नावांची रांग. मी बोट लावलं. चिंगी म्हादू, जांभूळटेक. गोदी म्हादू, जांभूळटेक. साळू बाबाजी, धारवाडी. चौथ्या ओळीला बोट आलं आणि तिथंच थांबलं.

हौसा सखाराम, खिंडवाडी.

खिंडवाडीच्या सखारामाला लेक एकच. ती मी. मी बेपत्ता! आणि इथं सडावाडीत चुलीपुढं बसून भाकरी थापतेय, ती कोण मग?

"बाई!" मी अशी ओरडले की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली.

दामलेबाई पुण्याच्या. वय सव्वीस-सत्तावीस, लग्न नाही, डोळ्यांना जाड चष्मा. आमच्या डोंगरावरच्या पाच वाड्या आपसांतच सोयरिकी करतात, त्याचा अभ्यास करायला त्या तीन महिने आमच्या पडवीत राहिल्या होत्या. पाच वर्षं अभ्यास केला की त्यांना डॉक्टर म्हणणार होते, पण सुई टोचायची नाही. मी त्यांची मदतनीस. म्हणजे काय, तर त्यांना घराघरांत न्यायचं, कुत्री हाकलायची, आणि आमचं बोलणं त्यांना उमगलं नाही तर सोपं करून सांगायचं. बाया त्यांच्याशी बोलल्या त्या माझ्या शब्दावर. माझ्या मागून आल्या नसत्या तर त्या चष्म्याला कुणी पाटसुद्धा मांडला नसता.

पण काय विचारायचं आणि कशासाठी, ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चूक दोघींची.

बाई पळत आत आल्या. चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. कागद माझ्या हातात बघून त्या मटकन पाटावर बसल्या.

"वाचलंत ना? मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. देवीची लस टोचणाऱ्यांचं जुनं रजिस्टर मला तालुक्यात मिळालं. त्यात प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव. पंचेचाळीस वर्षांपूर्वीपासूनच्या, सलग वीस-बावीस वर्षांच्या नोंदी. त्यातल्या एकतीस मुली आज पाची वाड्यांत कुठंच नाहीत. मेल्याची नोंद नाही. बाहेर लग्न होऊन गेल्या म्हणावं, तर तुम्ही बाहेर मुली देतच नाही. आणि विचारलं की सगळे गप्प! कुणी उठून गोठ्यात जातं, कुणी उगाच चूल फुंकतं. सुभद्राबाई, एकतीस मुलींचं काय केलंत तुम्ही लोकांनी?"

"काय केलं? लगीन केलं!" मी म्हटलं. "हे चौथं नाव हाय न्हवं? ती मी."

बाईंचा चेहरा रागानं लाल झाला. "सासरी नाव बदलतात हे मला माहीत नाही असं वाटलं? माझ्या आईचं बदललंय, आजीचं बदललंय. म्हणून तर प्रत्येकीला विचारलं, माहेरचं नाव काय. तुम्हाला तर पहिल्याच दिवशी विचारलं. काय सांगितलंत?"

"सुभद्राच, म्हटलं. जन्मापासनं."

"खोटं बोललात!"

बोलले होते. पाची वाड्यांतली प्रत्येक बाई बोलली होती. आमच्यात पोरगी सासरी निघाली की आईनं तिचं नाव शेवटचं तिच्या कानात म्हणायचं आणि चिमूटभर तांदूळ चुलीत टाकायचे. नाव जळलं. त्यानंतर ते कुणी तोंडातून काढायचं नाही. ना आईनं, ना बापानं, ना तिनं स्वतः. काढलं तर पोरगी माघारी येते. नवऱ्याला टाकून येते नाहीतर नवऱ्याला खाऊन येते. म्हणून बाईंनी एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं की "तुमची साळू कुठं आहे?" तर म्हातारा बिचारा काय करणार? उठून गोठ्यातच जाणार.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. सांगताना हसू यायला लागलं, कारण त्यांचं तोंड हळूहळू उघडत गेलं ते मिटेचना.

"म्हणजे या सगळ्या... इथंच?"

"इथंच! ह्ये पयलं नाव म्हंजे आपली येसाक्का. काल तुम्ही तिच्या घरी घावन खाल्लं. दुसरं नाव तिची धाकटी भन."

बाईंनी यादी माझ्या पुढ्यात धरली. त्या एकेक नाव वाचत गेल्या, मी चूल सोडून बापाच्या नावावरून एकेकीचं घर सांगत गेले. दोन भाकरी करपल्या. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माजघरातून विचारलं, "काय जळतंय गं सुबद्रे?" मी म्हटलं, "काय न्हाई आत्ती, नावं!" आणि आम्ही दोघी पोरींसारख्या हसलो.

शेवटचं नाव तेवढं लागलं नाही. सगुणा कोंडिबा. रजिस्टरातच वाडीच्या जागी शाई फुटली होती, म्हणून यादीत तिची वाडी नव्हती. कोंडिबा दोन होते. एक माझे मामंजी, ते वारले होते, त्यांना आमच्या मालकांखेरीज पोर नाही. दुसरा धारवाडीचा, त्याला सहा लेकी. म्हटलं, त्यातलीच असंल एखादी.

बाई मात्र एकदम गंभीर झाल्या. "सुभद्राबाई, मी सरांना कळवून बसलेय. माझे वरचे सर. ते उद्या सकाळी जीप घेऊन येताहेत. हे कागद ते कलेक्टरकडं नेणार आहेत. पोलीस चौकशी लागेल."

"मग सांगा की त्यांना, झालं ते."

"कुणाच्या शब्दावर? तुमच्या? तुम्ही मला एकदा खोटं सांगितलंय हे माझ्याच वहीत लिहिलेलं आहे. सर म्हणतील, गाव सावरून घेतंय. मला त्या बायका दिसायला हव्यात. प्रत्येकीनं स्वतः सांगायला हवं."

मी टोपल्यावर झाकण ठेवलं आणि चपला घातल्या.

"उद्या जीप यायच्या आत एकतीसजणी शाळेच्या पडवीत उभ्या करते. न्हाई केल्या तर माझं दुसरं नावबी जाळा."

त्या दिवशी मी जेवढी चालले तेवढी परत कधी चालले नाही. जांभूळटेकाचा चढ, धारवाडीचा उतार, खिंडवाडी. दर दारात तेच सांगायचं आणि दर दारात तेच ऐकायचं.

"पोलीस येनार? कशापायी?"

"तुला मारल्यापायी."

"मला? मी जिती हाय की!"

"मग येऊन सांग."

इथपर्यंत सगळ्या हसत. पुढं माहेरचं नाव सांगायचंय म्हटलं की पदर तोंडाला जाई. साळू तर रडायलाच लागली. तिच्या नवऱ्याची छाती दुखत होती महिनाभर. "माझ्या तोंडातनं नाव निघालं आन् त्येंचं काय झालं तर?"

तिला मी काय सांगणार? मलाही भीती वाटत नव्हती असं नाही. आमचे मालक रोज कड्याच्या कडेनं जनावरं चारायचे.

दुपार कलताना पाणवठ्यावर पंधरा-वीस बाया जमल्या, आणि मागोमाग रावजी कारभारी आला. पाची वाड्यांचा न्याय त्याच्याकडं. मिशा अशा, की बोलला की आधी त्या हलायच्या.

"सुबद्रे, त्या चष्मेवालीला तूच घरात घेतलीस. आता नावं काढून घरं मोडतीस व्हय?"

"पोलीस दारात आलं की घरं लई नीट ऱ्हात्यात का, कारभारी?"

"आपल्या बायका तोंडानं नाव घेनार न्हाईत. इषय संपला."

"नगा घेऊ," येसाक्का म्हणाली. येसाक्का म्हणजे हे एवढं शरीर, चालली की आधी तिचं हसू पोचायचं मग ती. "तोंडानं न घेता कसं सांगायचं ती युगत काढ, सुबद्रे. तूच लई शिकल्याली हैस, दुसरी पास!"

सगळ्या खिदळल्या. मी पण घागरीवर बसून हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख झालं. शाळेत काय असतं? मास्तर नाव पुकारतो. पोर स्वतःचं नाव कुठं घेतं?

"कारभारी," मी उठून उभी राहिले, "नेम काय हाय? आपल्यातल्या कुनी नाव काढायचं न्हाई. बरूबर?"

"बरूबर."

"दामलेबाई आपल्यातल्या हायत का?"

"ती कशी आपल्यातली?"

"मग नाव ती पुकारंल. आम्ही निस्तं 'ओ' म्हनू. ओ म्हनू नये असा नेम कुटं हाय?"

कारभाऱ्याच्या मिशा हलल्या, आणि तो वाटेला लागला. येसाक्कानं पाण्यावर असा हात मारला की सगळ्या भिजल्या. "काय डोस्कं गं बाई! आन् हिला बेपत्ता लिवली!"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला शाळेचं पटांगण भरलं. सणालासुद्धा एवढी माणसं येत नाहीत. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, बाप्ये चिंचेखाली उकिडवे बसले होते. आमचे मालक पुढंच होते, जनावरं सोडून आले होते. आत्ती एरवी उंबरा ओलांडायच्या नाहीत. त्याही काठी टेकत आल्या आणि पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "तुम्ही कशाला एवढ्या उन्हाच्या?" तर म्हणाल्या, "ऐकाया."

सर आले. टोपी, काळा चष्मा, गळ्यात पाण्याची बाटली. जीप खालीच ठेवून तासभर चढून आले होते, त्यामुळं आधीच वैतागलेले. दामलेबाई त्यांना घाईघाईनं सांगत होत्या आणि ते मान हलवत होते, "मालविका, हे तुला पढवलेलं आहे."

"पढवलंय का न्हाई ते बघा की," मी म्हटलं. "बाई, घ्या यादी. पयलं माझं."

बाईंनी कागद वर धरला.

"हौसा सखाराम, खिंडवाडी."

बावीस वर्षांनी. आईचा आवाजच आला जणू कानात, चुलीच्या धुरासकट.

"ओ!" मी म्हटलं. पटांगणाच्या पार टोकाला ऐकू गेलं असेल.

कुठं काही कोसळलं नाही. मी मालकांकडं बघितलं. ते टोपी हातात घेऊन माझ्याकडं बघत होते, नवीन माणूस बघावं तसं. मग शेजारच्याला म्हणाले, "हौसा! आरं, ब्येस हाय की!" आणि सगळे बाप्ये हसले.

मग काय विचारता!

"चिंगी म्हादू, जांभूळटेक."

"ओऽऽ!" येसाक्का. "बघा सर, चिंगी! एवढीशी व्हती, इकडं येऊन अशी झाली!"

"गोदी म्हादू."

"ओ."

"साळू बाबाजी, धारवाडी."

सगळ्यांच्या माना साळूकडं वळल्या. ती नवऱ्याकडं बघत होती. नवरा छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "दे की गं ओ! किती येळ उनात बसवतीस?"

"ओ," साळू म्हणाली, आणि रडत रडत हसायला लागली.

पुढं पुढं तर नाव पुरतं व्हायच्या आत ओ येऊ लागली. बाया एकमेकींच्या कुशीत कोपरं मारत होत्या, "अगं, तू ठकी? तीच ठकी, करवंदीच्या जाळीत अडकलेली?" वीस-वीस वर्षं शेजारी राहिलेल्या बाया लहानपणीच्या मैत्रिणी निघाल्यासारख्या गळ्यात पडत होत्या. धारवाडीचा म्हातारा कोंडिबा लेकींची नावं कानांवर पडताना डोळे मिटून बसला होता, आणि दर 'ओ'ला त्याची मान हलत होती. बाई खुणा करत होत्या, सर वाकून बघत होते. त्यांनी काळा चष्मा कधी काढला ते मला कळलंच नाही. अठ्ठावीस झाल्या, एकोणतीस झाल्या, तीस झाल्या. माझी छाती अशी भरून आली होती की लुगड्याचा काठ ताणला गेला. माझी पाच वाड्यांची माणसं! एक पोरगी हरवली नाही!

"सगुणा कोंडिबा," बाईंनी वाचलं.

ओ आली नाही.

मी धारवाडीच्या सहा बहिणींकडं बघितलं. त्या एकमेकींकडं बघत होत्या. थोरली म्हणाली, "आमच्यात सगुना न्हाई कुनी."

बाईंनी परत पुकारलं. सरांनी चष्मा परत चढवला. रावजी कारभारी माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "एक ऱ्हायली तर तेवढ्या धाग्यानं पोलीस येतील. सगळं पान्यात जाईल." मग त्यानं येसाक्काकडं बघून मिशी हलवली.

"ओ!" येसाक्का म्हणाली. तोंड दुसरीकडं फिरवून, आवाज जरा बारीक करून.

बाईंचा चेहरा उजळला. आवाज गर्दीच्या मागून आला होता, त्यांना कोण ते कळलं नव्हतं. पेन कागदावर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. "सुभद्राबाई, बरोबर ना?"

नुसती मान हलवायची होती. तेवढ्यानं पाच वाड्या सुटत होत्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बाई मला विचारून लिहीत होत्या. मी मान हलवणारच होते. पण माझी नजर पायरीकडं गेली. आत्ती काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या. गयावया नव्हती त्या नजरेत. दटावणीही नव्हती. ही काय करते ते बघताहेत, एवढंच. उन्हाच्या कशाला आल्या होत्या, कुणाचं नाव ऐकायला, ते मला तेव्हा कळलं.

"बरूबर न्हाई," मी म्हटलं. "ती चिंगी. एकदा मोजलीया. एका बाईला दोनदा मोजू नगा."

"सुबद्रे!" कारभारी ओरडला. येसाक्कानं जीभ चावली.

"मग सगुणा कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"ती माझी," आत्ती म्हणाल्या.

आमच्या मालकांची मान एकदम वर झाली. त्यांना बहीण होती हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं आत्तींच्या हाताखाली काढली, त्यांची कंबर रगडली, पण हे नाव त्या घरात कधी उमटलं नाही.

सर मघापेक्षा मऊ आवाजात बोलले, "हे बघा आजी, तीस मुली डोळ्यांपुढं आहेत. माझी खात्री पटली, चौकशी वगैरे काही नाही. जुनी गोष्ट उकरायला नको. मालविका, ते एक नाव गाळून टाक."

"गाळू नगा," आत्ती म्हणाल्या. "पस्तीस वर्सं सगळ्यांनी गाळलं. ह्या लेकींची नावं जळली, पर त्या नांदाया तरी गेल्या. तिचं नाव जाळायची पाळीच आली न्हाई. लिवा."

बाईंनी यादी बाजूला ठेवली आणि वहीतला मेलेल्यांच्या नोंदींचा तक्ता उघडला. तिथं रकाने होते, मला ठाऊक होते. नाव, बाप, वय, मेल्याचं कारण.

"वय किती होतं, आजी?"

"पाच. ह्यो तीन वर्सांचा व्हता." त्यांनी काठीनं आमच्या मालकांकडं दाखवलं.

"आणि... कशानं गेली? ताप लिहू?"

"ताप दोघांसबी व्हता," आत्ती म्हणाल्या. "दवाखाना खाली, घाट उतरून. बापानं खांद्यावर एकाला नेलं."

आमचे मालक टोपी हातात धरून उभे होते, ती टोपी त्यांनी घातली नाही, खाली ठेवली नाही, नुसती धरली. बाईंचं पेन हवेतच राहिलं. कारणाचा रकाना बोटभर रुंद होता. त्या माझ्याकडं वळल्या.

"सुभद्राबाई, मी काय लिहू इथं?"

"आत्ती बोलल्या तेच," मी म्हटलं. "माझं नगं, तुमचं नगं. रकान्यात मावलं न्हाई तर बाहेर लिवा."

बाईंनी बाहेर लिहिलं. मी शेजारी उभी राहून बोट लावून, अक्षर अक्षर वाचून घेतलं, आणि एक काना राहिला होता तो द्यायला लावला.